"अनुभवी नर्सला ट्रेनिंग कशाला" या फॉरवर्डबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की नर्स-डॉक्टर एकदा शिकले की शिकले, नंतरची ट्रेनिंगं म्हणजे नुसती सर्टिफिकेटं गोळा करणं. हे चूक आहे.

सीपीआरचंच बघा ना, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन आणि तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवायची पद्धत. २००५ मध्ये दाब आणि श्वासाचं प्रमाण १५:२ वरून ३०:२ (३० दाबांनंतर २ श्वास) झालं, मग २०१० ला क्रमच बदलला, आधी श्वासमार्ग बघायचे ते आता आधी छातीवर दाब, आणि २०१५ पासून मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी. म्हणजे २००० साली शिकून तिथेच थांबलेला माणूस कितीही अनुभवी असू दे, आज जुन्याच पद्धतीने करणार. बरं, नियम बदलले नाहीत तरी हात विसरतात, सीपीआरचं कौशल्य ट्रेनिंगनंतर ३ ते ६ महिन्यांतच उतरायला लागतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, कारण रोज वापरात नसतं ते. अनुभवाने हे भरून निघत नाही, उलट चुकीची सवय असेल तर तीच पक्की होते.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी, हॉलमध्ये बसून स्लाइड बघून सही करून येण्याने फारसं काही होत नाही (आणि अशी ट्रेनिंगं भरपूर असतात). पण त्यावर उपाय ट्रेनिंग बंद करणं नाही, सीपीआर शिकायच्या पुतळ्यावर थोडा-थोडा पण वारंवार सराव करणं आहे.