गॉब्लेट पेशी म्हणजे लिम्फोसाइट नव्हे!

डोकं भणभणलंय. रात्रीचे साडेदहा झाले, मी अजून लॅबमध्येच, आणि पेशी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरनं स्क्रीनवर आकडा दिलाय: आतड्याच्या अस्तरातल्या शंभर एपिथेलियल पेशींमागे ४१ लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी. तीच स्लाइड, तोच व्हिलस (लहान आतड्याच्या अस्तराचा बोटासारखा उंचवटा) मी मायक्रोस्कोपखाली दोनदा मोजला. एकदा १७ आले, एकदा १८.

हा फरक किरकोळ नाहीये. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) बायोप्सीत हा आकडा साधारण २५ च्या वर गेला की सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) शंका घेतात. पुढे रक्ताच्या तपासण्या होतात, मान्य. पण कुणाची तरी पोळी जन्मभरासाठी बंद होण्याची सुरुवात याच ओळीपासून होते!

झूम करून सॉफ्टवेअरनं लिम्फोसाइट म्हणून लावलेला एकेक लाल ठिपका तपासत बसले. गॉब्लेट पेशी अस्तरातलीच, तिच्यात म्युकस (चिकट स्राव) भरलेला असतो, एच अँड ई या नेहमीच्या रंगात तो फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. तिचं न्यूक्लियस तळाशी दबून गडद, त्रिकोणी झालेलं असतं. सॉफ्टवेअरनं पाहिलं काय, तर लहान, गडद, भोवती पांढरं. की मारला लिम्फोसाइटचा शिक्का! शेजारच्या पेशींची लांबट न्यूक्लियस एकमेकांना खेटून उभी असतात, तिथं तीन-तीन मिळून एकच धरलंय. म्हणजे वरची संख्या फुगली आणि जिनं भागायचं तीच आटली. दोन्ही चुका एकाच दिशेनं.

आणि हे मॉडेल शिकलंय कशावर? कोलनवर. लिझार्ड नावाचा २०२१ चा मोठा डेटासेट आहे, जवळपास पाच लाख न्यूक्लियस, काम खरंच मेहनतीचं, पण सगळं मोठ्या आतड्याचं. कोलनला व्हिलस नसतातच! अशा डेटावर शिकलेलं मॉडेल लहान आतड्यावर चालवायचं असेल तर तसं ठळक लिहा ना. 'आतड्याच्या सर्व नमुन्यांसाठी' असं छापायचं धाडस होतं तरी कसं?

रंगाचं तर विचारूच नका. एच अँड ई म्हणजे हिमॅटॉक्सिलिन (निळा-जांभळा) आणि इओसिन (गुलाबी); स्लाइडच्या चित्रातून हे दोन रंग वेगळे काढायचं गणित रुइफ्रॉक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्यातले रंगांचे आकडे आपापल्या लॅबच्या स्लाइडवरून काढायचे असतात. इथे ते आतच ठोकून बसवलेत, बदलायची सोय नाही. आमच्याकडे हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन जुनं झालं की वर चकचकीत साय धरते, गाळून घ्यावं लागतं. ब्लूइंग, म्हणजे तो रंग निळा करणं, नळाच्या पाण्यात, आणि मे महिन्यात नळाला टँकरचं पाणी. सोमवारच्या स्लाइड निळ्या, गुरुवारच्या जांभळट. आमचे टेक्निशियन काका एका नजरेत सांगतात, 'मॅडम, ही बॅच घेऊ नका.' सॉफ्टवेअर मात्र दोन्ही बॅचना दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं, शंका म्हणून कुठेच नाही.

पिक्सेलचा घोळ वेगळाच. स्कॅनरच्या मूळ फाइलमध्ये पिक्सेलची लांबी नोंदलेली असते, ४०एक्सला साधारण पाव मायक्रॉन. टिफ या चित्र-फाइलमध्ये बदलताना ती गळू शकते, ते चालेल, क्युपाथ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं भरता येते. हे टूल न विचारता १ मायक्रॉन धरून चालतं आणि क्रिप्टची (व्हिलसच्या तळाशी असलेल्या खळगीची) खोली सरळ चौपट छापतं. एक वॉर्निंग द्यायला काय जात होतं? तीन दिवस गेले माझे ते शोधण्यात, तीन दिवस!

आणि वर गाइड सर म्हणतात, 'सॉफ्टवेअरचाच आकडा टाक, हातानं मोजलेलं रिव्ह्यूअर मानत नाहीत.' नाही टाकणार. सीडी३, म्हणजे टी लिम्फोसाइट ओळखणारा खास रंग, लावलेल्या सहा स्लाइड आहेत, त्यांत टी लिम्फोसाइट तपकिरी उठून दिसतात आणि गॉब्लेट तशाच फिकट. उद्या सकाळी त्या आणि ही ४१ वाली शेजारी-शेजारी ठेवून सरांनाच मायक्रोस्कोपवर बसवणार आहे. मोजा म्हणावं.