‘छत नसलेलं अर्धवट मॉडेल’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. वडिलांसाठी हौसेने घेतलेल्या ‘हुमेल’ या जुन्या जर्मन तोफगाडीच्या मॉडेलने तुमचा विरस झाला, याबद्दल मनापासून क्षमस्व. रंगकाम चांगलं आहे असं तुम्ही लिहिलंत, त्यासाठी आभारी आहे.

पण एक तारा देताना तुम्ही पुढे म्हटलंत, “साडेचौदा हजार घेऊन अर्धवट मॉडेल दिलं. वर छत नाही, मागे नुसती रिकामी जागा, तोफ आपल्या सैन्याच्या वज्र तोफेसारखी गोल फिरत नाही, बाजूचे पत्रे एकदम पातळ.” किमतीबद्दल कुणी बोललं तर मी ऐकून घेतो. काम अर्धवट ठेवल्याचा आरोप मात्र फार लागला. नवीन गिऱ्हाईक आधी रिव्ह्यूच वाचतं आणि या दुकानावरच आमचं घर चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही मागवलेली हुमेल हा रणगाडा नाही. रणगाड्याच्या सांगाड्यावर चढवलेली ती दुसऱ्या महायुद्धातली 150 मिलिमीटरची हॉवित्झर, म्हणजे उंचावरून लांब मारा करणारी तोफ आहे. एकेक गोळा सुमारे 43 किलोचा, पल्ला 13 किलोमीटर. रशियात जर्मनांच्या पॅन्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, तुकड्या पुढे निघून जायच्या आणि ओढून न्यायच्या तोफा चिखलात मागे राहायच्या. तोफेलाच पट्ट्यांवर बसवायचं ठरलं, तेव्हा बर्लिनच्या आल्केट कंपनीने पॅन्झर चार या रणगाड्याचा सांगाडा लांबवला आणि गिअरबॉक्स, स्टिअरिंग वगैरे भाग पॅन्झर तीनचे घेतले. तात्पुरती सोय म्हणून केलेली ही गाडी शेवटी 700 च्या वर बनली.

आता तुमच्या मॉडेलमधली ती ‘मागची रिकामी जागा’. मूळ रणगाड्यात इंजिन मागे असतं. ते तिथेच ठेवलं असतं, तर तोफेचा मागचा भाग इंजिनावर आला असता, तोफचींना उभं राहायला जागा उरली नसती आणि सगळा भार पुढच्या चाकांवर पडला असता. म्हणून इंजिन मधोमध सरकवलं आणि तोफ त्याच्यावर बसवली. तोफ उडाली की बसणारा धक्का त्यामुळे गाडीच्या मध्यावर येतो. मागे खोल, सपाट जमीन मोकळी झाली. मागची दारं उघडून गोळे आत द्यायचे, माणसांनी उभ्याने भरायचे. धाकट्या वेस्पेमध्ये, म्हणजे पॅन्झर दोनवरच्या 105 मिलिमीटर तोफेत, हीच युक्ती आहे. ती रिकामी जागा म्हणजेच या गाडीचं सगळं डिझाइन, सर. माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला.

छत का नाही, तेही सांगतो. तोफेचं तोंड 42 अंशांपर्यंत वर जातं, तेव्हा तिचा मागचा भाग खाली जातो आणि तोफ डागली की मागे सरकतो. एवढे जड गोळे भरणाऱ्यांना हात हलवायला जागा लागते, धूरही बाहेर जायला हवा. मुख्य प्रश्न वजनाचा. गाडी आधीच 24 टनांच्या घरात आणि इंजिन 300 अश्वशक्तीचं. एवढ्या तोफेला पुरेल असं बंद टरेट, म्हणजे गोल फिरणारा बुरूज, त्या सांगाड्याला पेलवलं नसतं. म्हणून तोफ दोन्ही बाजूंना साधारण 15 अंशच वळते, त्यापुढे अख्खी गाडी वळवायची. आघाडीच्या मागे राहून मारा करायचा, म्हणून हे चालून गेलं. वरून शत्रूच्या गोळ्यांचे तुकडे पडले की माणसं उघडीच, हा या गाडीचा मोठा दोष होता आणि तो मी लपवत नाही. पण दोष मूळ गाडीचा आहे. तुम्ही वज्रचं नाव घेतलंत, ती कितीतरी नंतरच्या काळातली तोफ. आपल्याच सैन्यातली विजयंताच्या सांगाड्यावरची 130 मिलिमीटरची कॅटापुल्ट बघा, तिलाही बंद टरेट नव्हतं.

आणि पातळ पत्रे! मूळ पत्रा 10 मिलिमीटरचा होता. 1:35 मध्ये, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या भागाच्या मापात, तो 0.3 मिलिमीटरच्याही आत येतो. किटमधलं प्लास्टिक जाड असतं, म्हणून वरच्या कडा मी पॉलिश पेपरने हाताने घासून बारीक केल्या. एवढी मेहनत सगळे घेत नाहीत. तुम्ही ‘कुर्स्क, 1943’, म्हणजे रशियातल्या त्या लढाईच्या वेळची गाडी, असं सांगितलं होतं, म्हणून चालकाची छोटी केबिन डावीकडेच ठेवली. पूर्ण रुंदीची केबिन नंतरच्या गाड्यांवर आली.

राहवत नाही म्हणून लिहितो, रंग देण्याआधी चारही बाजूंचे आणि वरून काढलेले फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. “झकास, पुढे करा” असं तुमचं उत्तर आलं होतं. तेव्हा छताचा विषय निघाला असता तर मी लगेच फोन केला असता.

यापुढे ऑर्डर घेताना अशा गाड्यांची माहिती आधीच नीट देण्याचा प्रयत्न करू, वेबसाइटवरचे फोटोही बदलायचं मनात आहे. पावसात या गाडीवर ताडपत्री टाकत, तशी ताडपत्री तुमच्या मॉडेलसाठी मी विनामूल्य करून देईन. वडिलांना घेऊन एकदा दुकानात या, मूळ गाडीचे फोटो शेजारी ठेवून त्यांना सगळं दाखवतो. पत्र्याचं छत मात्र मी बसवणार नाही, सर. मग ती हुमेल राहणार नाही.

आपला,
दुकानमालक