ताईचा एक कोटी

आमची ताई एकोणीसशे वस्तीच्या एका गावाची सरपंच आहे. परवा दळण घेऊन गिरणीत गेली, तर एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "मग ताई, एक कोटीचं काय केलंत?" ताई पीठ न घेताच परत आली.

प्रश्न त्या गड्याच्या डोक्यातला नव्हताच. "तुमच्या सरपंचाला ही पाच सत्यं सांगा, तोंड बंद होईल" असा एक मेसेज सध्या फिरतोय. आधी गावच्या ग्रुपवर, मग भावकीच्या, आणि शेवटी आमच्या पुण्याच्या मेव्हण्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःची भर: "आमच्या कंपनीत असं चालत नाही." बरं. मी बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या एका बांधकाम उपविभागात स्थापत्य अभियांत्रिकी सहायक म्हणून काढलीत. तेव्हा घ्या उत्तरं.

पहिलं सत्य म्हणे, केंद्र सरकार प्रत्येक ग्रामपंचायतीला दरवर्षी एक कोटी देतं. केंद्रानं पंचायतींना किती पैसा द्यावा हे वित्त आयोग सुचवतो, आणि पंधराव्या आयोगाचा अहवाल कुणालाही वाचता येतो. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातल्या सगळ्या ग्रामीण स्थानिक संस्थांना मिळून 2,36,805 कोटींची शिफारस होती. ग्रामपंचायती आहेत अडीच लाखांच्या वर. भागाकार चौथीतलं पोरही करेल: वर्षाला सरासरी 19 लाखांच्या आत. त्यातूनही महाराष्ट्रात 10 टक्के जिल्हा परिषदेला आणि 10 टक्के पंचायत समितीला जायचे. उरलेलं वाटप मुख्यतः लोकसंख्येवर, म्हणून ताईच्या गावाच्या वाट्याला दहा-बारा लाख, तेही हप्त्यांनी. या पाच वर्षांत त्यातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांपुरताच: अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. मेसेजवाल्याला गावाच्या वेशीवर कमान हवी आहे. ती पाण्याच्या पैशातून बांधली, तर तोच उद्या घोटाळा म्हणून ओरडेल.

दुसरं, सरपंच एकटा चेक फाडून पैसे काढतो. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनच जातो, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सरपंच दोघांच्या डिजिटल सह्यांनी. दोघं मिळून खाऊ शकतात का? शकतात. पण मग दोघांना विचारा ना. गिरणीत बाईमाणूस सापडलं म्हणून तिलाच का?

तिसऱ्यावर तर हसूच येतं: "ॲपवर निधी शिल्लक दिसतो, म्हणजे खाल्ला." अरे, शिल्लक दिसतोय म्हणजे खात्यात आहे! बिनखर्चाचा राहिला हे मात्र खरं, आणि त्याबद्दल चिडायलाच हवं. पण पैसा अडतो कुठं ते बघा. काम आराखड्यात आलं की अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झालं की अभियंता मोजमाप घेऊन एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, नोंद करणार, तेव्हा बिल निघणार. माझ्याकडे एका वेळी तेवीस गावं होती. मे महिन्यात मागितलेलं अंदाजपत्रक मी ऑगस्टमध्ये दिलंय, खोटं कशाला बोलू. त्या तीन महिन्यांत शिव्या खाल्ल्या सरपंचांनी. माझ्या टेबलाला तारीख विचारायला कुणी आलं नाही.

आता चौथं, ज्याच्यासाठी मी खरा लिहायला बसलो. "ग्रामसभा म्हणजे नुसता टाइमपास. ती बंद करून तालुक्याला एक खासगी प्रोजेक्ट मॅनेजर नेमा, सहा महिन्यांत गावं चकाचक." मेव्हण्याला हेच सगळ्यात पटलंय.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. एका गावात बंदिस्त गटाराचं काम होतं. अंदाजपत्रक मी केलं, उन्हाळ्यात, कोरड्या गल्लीतून एकदा चक्कर मारून. गटार खालच्या ओढ्याला सोडायचं, उतार कागदावर बरोबर. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नकाशा वाचून दाखवला. मागं बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "सायेब, पावसात ओढाच गल्लीत येतोय. तुमचं गटार त्याला उलटी वाट करून देणार." मी काहीतरी तांत्रिक बोललो. ती गेली, घागर घेऊन आली आणि सगळ्यांसमोर गल्लीच्या तोंडाशी ओतली. पाणी दोन हात खाली गेलं, थांबलं आणि तिच्या उंबऱ्याकडे वळलं. लेव्हल मशीन आणून पुन्हा मोजलं तर मधे चढ निघाला. शेवटी गटार वरच्या बाजूच्या नाल्याला वळवलं. महिनाभर उशीर झाला, पण चार लाखांचं काम वाचलं. मॅनेजरच्या लॅपटॉपवर ते काम केव्हाच वेळेत पूर्ण दिसलं असतं आणि जुलैत म्हातारीच्या चुलीत पाणी शिरलं असतं.

आणि हे काय कुणाची मेहेरबानी नाही. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, ती गावाच्या विकासाचा आराखडा गावानं करावा म्हणूनच.

एक कबूल करतो, जिभेवर येत नाही तरी. बऱ्याच गावांत ग्रामसभा कागदावर होते. घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतात, आराखडा तालुक्याला बसून मागच्या वर्षीचाच चिकटवतात. मेसेजवाल्याचा राग तिथं असेल तर मी त्याच्या बाजूनं आहे. पण ग्रामसभेला न जाणारेच ती बंद करा म्हणतात, हे कसं? मेव्हण्यालाही सांगितलं, तुमच्या कंपनीतली एकच गोष्ट इकडे पाठवा: कुठला कागद कुणाकडे कोणत्या तारखेपासून पडलाय त्याचा तक्ता. ताईनं तो खडूनं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला घेतलाय. पहिल्याच ओळीत आमच्या जुन्या खात्याच्या एका साहेबाचं टेबल आहे, 41 दिवस. परवा त्यांचा फोन आला, "ते पुसा, उद्या देतो."

पाचवं सत्य: केंद्राचा पैसा येतो, मग घरपट्टी-पाणीपट्टी कशाला भरायची? कारण वित्त आयोगाचा निधी, अगदी अबंधितसुद्धा, पगाराला वापरता येत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला पगार द्यायला गावाकडे स्वतःची वसुली लागते. ताईनं थकबाकीची यादी काढली. गिरणीत प्रश्न विचारणारा तीन वर्षांच्या पाणीपट्टीसह तिसऱ्या नंबरावर आहे.