आण्णांच्या स्लॅबवरची एचडी

आमच्या घरात दिसणाऱ्या एचडी वाहिन्या शेजारच्या आण्णांच्या आहेत, हे मला परवा दूध डेअरीत समजलं. कॅन घेऊन रांगेत उभा होतो. पुढच्या माणसानं मागं वळून विचारलं, "आण्णांनी तुम्हाला टीव्ही लावून दिला म्हणं?" टीव्ही माझा. डिश माझी, बॉक्स माझा, दर महिन्याचा रिचार्ज माझ्या खात्यातून कटतो. आण्णांचा फक्त स्लॅब. पण आजरा तालुक्यातल्या आमच्या गावात मालकी सात-बाऱ्यावर ठरत नाही, डेअरीत आधी कोण पोचलं यावर ठरते. आण्णा पहाटे पाचला पोचतात.

झालं ते असं. आईसाठी त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. जुन्या एकवीस इंचीवर तिला मालिकेतल्या थोरल्या आणि धाकट्या सुना वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. नव्यावर दोघी मोठ्या झाल्या, पण ओळखू येईनात त्या येईनातच. कारण साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे एकूण चार लाख चौदा हजारांच्या आसपास. पडद्याला हवेत १९२० बाय १०८०, वीस लाख त्र्याहत्तर हजार. मधले सोळा लाख ठिपके टीव्ही स्वतःच्या मनानं रंगवतो. सासूबाईंची नथ, सुनेच्या डोळ्यांतलं पाणी, देव्हाऱ्यातला देव, यातलं शूटिंगच्या वेळी खरोखर किती होतं आणि टीव्हीनं पदरचं किती घातलं, ते सांगता येत नाही. मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्या २०१६ सालात एचडीत आल्या. आमच्या वाडीत त्या अजून यायच्या होत्या. म्हटलं, आणू.

कंपनीच्या बाईंनी फोनवर जवळची खूण विचारली. मी म्हटलं, फणस. त्या म्हणाल्या, "सर, फणस हॉस्पिटल का?" पुढचं सगळं बोलणं याच पातळीवर झालं. डिश बसवणारा माणूस यायच्या आदल्या दिवशीच 'आपले काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे' असा मेसेज आला आणि लगोलग पाचपैकी किती तारे देता, तेही विचारून झालं.

पोरगा गडहिंग्लजहून आला. विशीतला, गळ्यात इअरफोन, समोर दिसेल त्याला 'सर' म्हणणारा. सिग्नल शोधायचं त्याचं यंत्र चार्ज नव्हतं. म्हणजे जुनीच पद्धत. तो वर कौलांवर, आई आत टीव्हीपुढं आणि मी मध्ये अंगणात निरोप्या. एवढ्यात आण्णा आले.

आण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात ते अजून गाडीतच आहेत. लग्नाच्या पंगतीत ते "मागं सरका, मागं जागा हाय" म्हणतात. मयताला गेले तरी माणसं मोजतात. नात्यानं ते माझे चुलत चुलते. त्यामुळं त्यांनी मला आधी खांद्याला धरून बाजूला केलं.

"तू नको. तुझा आवाज मागच्या शिटापर्यंत जात न्हाई."

आणि हातातली काठी पाण्याच्या लोखंडी पाइपावर दोनदा वाजवली. ठण ठण. वरचा पोरगा दचकला. दोन म्हणजे चालू दे आणि एक म्हणजे थांब, हे त्याला कुणी सांगायचं? वयानं तो एसटीतल्या घंटीच्या दोरीनंतरचा.

"येऊ दे," आण्णा सुरू झाले. "येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार. आनी मार. हां, आता सरळ कर. येऊ दे, येऊ दे... बास!" ठण.

मागं गटार असावं अशा भीतीनं पोरगा डिश धरून थिजला. तेवढ्यातून त्यानं विचारलं, "क्वालिटी किती आली, सर?"

आण्णांनी दारातून आत तोंड घातलं. "वैनी, क्वालिटी किती?"

"निळं आलंय, भावजी."

"निळी आली रं!"

"आकडा सांगा, सर. खाली दोन पट्ट्या असतात, त्यांचे आकडे."

आई चष्मा शोधायला गेली. चष्मा सापडेपर्यंत आण्णांनी डिश आणखी दोन बोटं मागं घ्यायला लावली. मला विचाराल तर इथंच सगळं बिघडलं. आईनं वाचलं, "वरची पट्टी पंच्याऐंशी, खालची शून्य."

त्यातली वरची नुसती ताकद, खालची खरी क्वालिटी. खालची शून्य म्हणजे डिश आकाशात भलतीकडंच बघत होती. हे मी सांगायला तोंड उघडलं, तोवर आण्णांनी हिशेब करून वर आरोळी दिली होती.

"सरासरी साडेबेचाळीस!"

"चालतंय की," म्हणून पोरग्यानं नट आवळला.

पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' असं छान शुद्ध मराठीत आलं. नट परत ढिला. परत येऊ दे, येऊ दे. अंगणात एव्हाना चार माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या मेव्हण्याकडं हीच डिश होती. शेवटी पोरग्यानं कपाळावर हात धरून आभाळाकडं पाहिलं आणि निदान केलं. आमच्याकडून उपग्रह दक्षिणेला, जरा पूर्वेकडं कलून. आणि बरोब्बर त्या रेषेत फणस. उपग्रह विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंच. तिथून निघालेला सिग्नल एवढी पोकळी, एवढे ढग ओलांडून सुखरूप येतो आणि शेवटच्या तीस-चाळीस फुटांत आण्णांच्या फणसाच्या पानांत अडकतो.

कारण फणस आण्णांचा.

"एक फांदी काढली की झालं, सर," पोरगा म्हणाला.

आण्णांनी काठी जमिनीवर टेकली. "फळ धरलंय त्याला. कापा हाय, कापा. तुझ्या त्या कंपनीत हाय का असा गरा?"

पोरगा शहाणा. कंपनीत गरा नाही हे त्यानं कबूल केलं. मग आण्णांनीच उदार मनानं तोडगा काढला. डिश त्यांच्या स्लॅबवर लावायची आणि वायर बोळावरून आमच्या खिडकीत घ्यायची. त्यांच्या स्लॅबवर त्यांची स्वतःची फुकटवाली सरकारी डिश आहेच. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली, महिन्याला एक पैसा न घेणारी. तिच्याशेजारी जुना अँटेनाही आहे. दूरदर्शनची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं बहुतेक बंद झाली, पण आण्णांचा अँटेना चालूच आहे. त्यावर दोडक्याचा वेल सोडलाय. मधल्या आडव्या नळीला चांगला हातभर दोडका लोंबत होता आणि त्याच्या टोकाला वजन म्हणून आण्णांच्या कारभारणीनं दोऱ्यानं खडा बांधला होता, दोडका सरळ वाढावा म्हणून. सगळ्या स्लॅबवर नेमकी सरळ धरलेली वस्तू तेवढी एकच.

चहा झाला. चहात आण्णांनी दर विचारले. मी समजावून सांगितलं. २०१९ च्या १ फेब्रुवारीपासून नवी पद्धत आली. आधी नुसतं जोडणीचं भाडं, त्याची कमाल मर्यादा तेव्हा १३० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वाहिन्यांचे पैसे वेगळे. आणि वाहिन्या मोजताना एक एचडी म्हणजे दोन साध्या धरायच्या.

"एक म्हंजे दोन?"

"हो."

"माणूस एक, शीट एक आणि तिकिटं दोन फाडायची?"

"तसंच काहीसं."

"मी हे केलं असतं तर चेकिंगवाल्यानं मला तिथंच खाली उतरवला असता," आण्णा म्हणाले आणि बशीतला चहा ओढला. पुढं २०२४ साली ट्रायनं, म्हणजे या धंद्याचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, ही १३० रुपयांची मर्यादाच उठवली, हे मी बोललो नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे.

डिश लागली. खालची पट्टी हिरवी झाली. सासूबाई आल्या. सगळे बसले. आण्णा अगदी पुढं पाटावर. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"ह्यात फरक काय?"

राग गिळून सांगतो, फरक काहीच नव्हता. तीच धूसर सासू, तीच डोळे-नाक एक झालेली सून. पोरगा तोवर मोटरसायकलला किक मारत होता, आभाळ भरून आलं होतं. मी टीव्हीच्या मागं डोकावलो. बॉक्समधून तीन वायरी निघाल्या होत्या. लाल, पांढरी, पिवळी. आता पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. ती जन्माला आली तेव्हा एचडी नव्हतं. एचडीची डिश, एचडीचा बॉक्स, एचडीचं भाडं, एचडीचा टीव्ही आणि मधली वीतभर वायर जुन्या जमान्यातली.

"एचडीएमआय वायर वेगळी घ्यावी लागते, सर. कंपनी देत नाही," पोरगा गाडीवरूनच म्हणाला.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

हे वाक्य मी अजून पचवतोय. यात विचारायचं काय होतं? बस लागली की चाकं आहेत का, हे कुणी विचारतं? पण मला खरा राग पोरग्याचा नाही. त्याला दर जोडणीमागं काय मिळत असेल ते मिळत असेल, पेट्रोल त्याचं त्यालाच. मला राग या गोष्टीचा आहे की गावाकडं असली जोडणी वर्षानुवर्षं तशीच चालून जाते. माणसं एचडीचे पैसे भरतात, पिवळ्या वायरीवर बघतात आणि म्हणतात, एचडी एचडी म्हणतात ते हेच. कंपनीला कळत नाही असं थोडंच आहे? शहरातले नातेवाईक सांगतात, डिश कशाला, इंटरनेटवर बघा. अवश्य. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलंय आणि ग्रामपंचायत कुलपात आहे. मोबाइलला रेंज विहिरीच्या काठावर येते. तिथं आईला खुर्ची टाकून देऊ का?

वायर आजऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानात मिळाली. ती जोडली आणि मग मात्र चित्र आलं. काय सांगू! साडीच्या काठाचा एक एक धागा. देव्हारा थर्माकोलचा आहे, हेही स्वच्छ दिसलं. आई खूश झाली. थोरली कोण आणि धाकटी कोण, याचा कायमचा निकाल लागला. फक्त तिनं एकच विचारलं.

"ह्याच्यात आजऱ्याचं चॅनल लागतं का रे?"

आजऱ्याचं चॅनल म्हणजे तिथल्या केबलवाल्याची स्वतःची वाहिनी. तीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, सोनाराची जाहिरात आणि गणपतीत घरोघरची आरास. आईच्या भावाच्या नातवानं केलेली आरास गेल्या वर्षी तीवर दाखवली होती. सगळ्या माहेरानं पाहिली, हिला दिसली नाही. केबलची तार गावाबाहेरच्या शेवटच्या खांबापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. वाडीतल्या पंधरा-वीस घरांसाठी तार ओढणं परवडत नाही, असं केबलवाला म्हणतो आणि त्याचंही खोटं नाही. पण एवढा खर्च करून चेन्नईतली स्वयंपाकीण आमच्या घरात एचडीत इडल्या करते आणि दहा-बारा किलोमीटरवरचा आईच्या भावाचा नातू दिसत नाही, हे मी तिला कसं समजावणार? "नाही लागत," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मग ह्याचं भाडं कमी करायला सांग."

आण्णा मात्र आता रोज येतात. "माझ्या स्लॅबवरचं कसं चाललंय ते बगायला." पहिल्या संध्याकाळी त्यांनी नायिकेकडं पाच मिनिटं टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "हिला देवी आल्या हुत्या का?" मग खलनायकाचा टोप ओळखला. मग बातम्या देणाऱ्याच्या कानातलं केस. घरी जाऊन ते परत आपल्या एकवीस इंचीवर सातच्या बातम्या बघतात आणि सांगतात की तिथं सगळी माणसं देखणी आहेत.

परवा डेअरीतून तणतणत आलो, तर टीव्हीवर चौकोन चौकोन. आई म्हणाली, पाऊस. बाहेर लख्ख ऊन. आण्णांच्या स्लॅबवर चढलो. डिशच्या पुढच्या दांडीवर, जिथं सगळा सिग्नल गोळा होतो बरोबर तिथं, ओला टॉवेल वाळत घातलेला. पट्ट्यापट्ट्यांचा, जाडजूड. मी तो काढून दोरीवर टाकला. खाली आण्णा उभेच होते.

"टावेल बरा सापडला तुला. आनी हे न्हाई दिसलं?" असं म्हणून त्यांनी मला आत नेऊन छताचा ओल आलेला कोपरा दाखवला. वळवाचा पाऊस झाला तेव्हा गळला. डिशच्या खिळ्यांमुळं, असं त्यांचं म्हणणं. डिशचे खिळे स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला आहेत, असं माझं म्हणणं.

"पाणी चालत जातंय," आण्णा म्हणाले. "मिरगाच्या आत डांबर मारायला पायजे."

"मी डिश काढून घेतो, आण्णा. आमच्याच कौलावर लावतो."

"लाव की. फणस उतरल्याबिगर फांदी मिळायची न्हाई."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. डांबर, गवंड्याची हजेरी, त्यातला माझा अर्धा वाटा, खाली रेघ मारून 'स्लॅबभाडे, चालू महिना'. एकूण ३६०. खालची सही तिकिटांच्या ट्रेवर करतात तशी, तिरपी. भांडण्यात अर्थ नव्हता. आत मालिकेची वेळ झाली होती आणि आईची हाक आली होती. मी पाचशेची नोट दिली.

आण्णांनी नोट उजेडात धरून पाहिली, खिशात घातली, कानामागची पेन्सिल काढली, कागद उलटा केला आणि त्यावर '१४०' लिहून त्याभोवती गोल काढून माझ्या हातात दिला.

"सुट्टे न्हाईत. मागं लिवलंय बग. उतरताना घे."