मेलच्या हेडरमधले 47 म्हणजे स्पॅमचे गुण नव्हेत

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेलच्या हेडरबद्दल, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: 'तुमच्या मेलच्या हेडरमध्ये एक्स-अँटीअब्यूज दिसलं, तर तुमचं डोमेन काळ्या यादीत गेलं. पुढचे 47 हे स्पॅमचे गुण. ती ओळ काढून टाका आणि एक्स-स्पॅम-स्टेटस: नो ही ओळ घाला, मेल थेट इनबॉक्समध्ये.' काल तो माझ्या मामांपर्यंत पोहोचला आणि ते दुकानाचं होस्टिंगच बदलायला निघाले. म्हणून हे लिहितोय.

काळी यादी वगैरे काही नाही. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचं सॉफ्टवेअर) असलेल्या सर्व्हरवर मेल पाठवणारा एक्झिम हा प्रोग्रॅम बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलला एक्स-अँटीअब्यूजच्या ओळी लावतो, मेल चांगला असो की वाईट. पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं की हे हेडर गैरवापराचा माग काढण्यासाठी आहे, तक्रार करताना ते सोबत जोडा. एवढं वाचलं असतं तरी हा मेसेज पुढे गेला नसता.

आता ते 47. ओळीत '[47 12] / [47 12]' असं असतं. हे युनिक्सचे (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे) वापरकर्ता आणि गट क्रमांक आहेत. सीपॅनेलच्या सर्व्हरवर एक्झिम ज्या 'मेलनल' खात्याखाली चालतो, त्याचा क्रमांक सहसा 47 असतो; 12 हा 'मेल' गटाचा. आउटलुक किंवा थंडरबर्डमधून पासवर्ड देऊन पाठवलेल्या मेलवर हेच आकडे येणार. पहिल्या जोडीत 1004 सारखा वेगळा आकडा दिसला, तर तो मेल सर्व्हरवरच्याच एखाद्या खात्यातून, बहुधा वेबसाइटच्या स्क्रिप्टमधून निघाला आहे. तो तुम्ही पाठवलेला नसेल, तर खाली एक्स-सोर्स-डिर ही ओळ पाहा. ती भरलेली असेल तर फोल्डरचा मार्ग तिथेच मिळतो, आणि हल्लेखोराने घुसवलेली फाइल बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये सापडते. एक्स-अँटीअब्यूजची ओळ काढायला सांगणं म्हणजे चोराच्या पावलांचे ठसे पुसायला सांगणं.

'नो' स्वतः घालण्याचा सल्ला तर निरुपयोगीच. स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम आपला निकाल लिहिताना आधीच्या एक्स-स्पॅम ओळी काढून टाकतो. पाठवणाऱ्याने स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र घेणारा सर्व्हर मानेल तरी कशाला?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: या ओळींतून सर्व्हरचं नाव, कधी लॉगिनचं नाव, कधी स्क्रिप्टचं नाव बाहेर जातं. पीएचपीने (वेबसाइटच्या स्क्रिप्टची भाषा) लावलेलं स्क्रिप्टचं नाव लपवायचं असेल, तर तिची मेल.ॲड_एक्स_हेडर ही सेटिंग बंद करा; पण त्याआधी पाठवलेल्या मेलची नोंद ठेवणारी मेल.लॉग ही सेटिंग चालू करा, नाहीतर माग काढायला काहीच उरणार नाही.

मेल स्पॅममध्ये का जातोय ते पाहायचं असेल, तर जीमेलवर एक मेल पाठवा, संगणकावर उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून 'मूळ दाखवा' निवडा. वर एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं याचा डोमेनचा नियम) यांच्यापुढे पास आहे का, ते बघा. गुगलच्या फेब्रुवारी 2024 पासूनच्या नियमांत प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं. जीमेल खात्यांना दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. स्पॅम तक्रारींचं प्रमाणही 0.3 टक्क्यांच्या खाली हवं. एक्स-अँटीअब्यूजचं त्यात नावही नाही.

नेहमी दिसणारी चूक एसपीएफची असते. होस्टिंगची एक नोंद आणि गुगल वर्कस्पेसची दुसरी, अशा दोन नोंदी डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती ठेवणाऱ्या यादीत) ठेवलेल्या असतात. दोन असल्या की तपासणी 'पर्मएरर' (कायमची चूक) देते. दोन्ही 'इन्क्लूड' (त्या-त्या सेवेचे सर्व्हर जोडणारे भाग) एकाच नोंदीत घ्या आणि डीएनएस चौकश्या 10 च्या आत ठेवा.