फर्ग्युसन यांची पहिली सात वर्षे कोरडी गेली नव्हती

मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा फुटबॉल संघ हरू लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी पहिली सात वर्षे काहीच जिंकले नव्हते, तेव्हा आताच्या प्रशिक्षकालाही तेवढा अवधी द्या.’ हा दावा चुकीचा आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये संघाच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतलेल्या फर्ग्युसन यांनी लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे, विजेतेपद १९९३ मध्ये मिळवले, हे खरे. परंतु त्याआधीच १९९० मध्ये एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा), १९९१ मध्ये युरोपियन कप विनर्स कप आणि १९९२ मध्ये लीग कप संघाने जिंकला होता, शिवाय १९८७-८८ च्या हंगामात लीगमध्ये दुसरे स्थानही मिळवले होते.

त्या काळी प्रेक्षक निमूटपणे थांबले होते, हेही खरे नाही. डिसेंबर १९८९ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडून घरच्या मैदानावर १-२ अशी हार होत असताना, तीन वर्षे सबबीच ऐकत आलो, आता निरोप घ्या, अशा आशयाचा फलक एका चाहत्याने ओल्ड ट्रॅफर्डवर उंचावला होता. पुढच्याच महिन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने हेडरने केलेल्या एकमेव गोलाने संघ एफए कपमध्ये टिकला आणि मे महिन्यात तोच चषक जिंकला.

प्रशिक्षकाला वेळ जरूर द्यावा, माझीही तीच इच्छा आहे. मात्र दर आठवड्याला पराभव पाहून व्यथित होणाऱ्या चाहत्याला असा चुकीचा इतिहास सांगून गप्प बसवणे मला अन्यायाचे वाटते.