समुद्रतळाखालची रेघ म्हणजे गॅसचा साठा नव्हे

‘भारताच्या समुद्राखाली १,८९४ लाख कोटी घनमीटर गॅस हायड्रेट आहे, सिस्मिक सर्वेक्षणात त्याचा नकाशाही झालाय, देशाला शेकडो वर्षं पुरेल’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. गॅस हायड्रेट म्हणजे दाब आणि थंडीमुळे पाण्याच्या बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला, मुख्यतः मिथेन, वायू. तो वाचून मुलं मला विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

‘सर्वेक्षणात साठा दिसला.’ नाही. जहाजामागची एअरगन पाण्यात हवेचा धक्का सोडते आणि लांब केबलमधले हायड्रोफोन तळाखालून परतलेला आवाज टिपतात. त्यातून उमटलेल्या तळाखालच्या उभ्या छेदाच्या चित्रात कधी कधी समुद्रतळाच्या चढउताराबरोबर जाणारी, गाळाचे थर कापणारी ठळक रेघ दिसते. तिला बीएसआर (बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर, म्हणजे समुद्रतळाची नक्कल करणारी परावर्तनाची रेघ) म्हणतात. ती ठळक होते ती बहुतेक वेळा हायड्रेटखाली अडकलेल्या मोकळ्या वायूमुळे, कारण तिथे लहरींचा वेग एकदम घटतो. हायड्रेट कुठवर टिकू शकतं ते तिच्यावरून कळतं; वर किती आहे ते कळत नाही.

आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण घ्या. २००६ साली जॉइडीस रेझोल्यूशन जहाजाने भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेतली पहिली जागा खोदली ती केरळ-कोकण खोऱ्यात, अडीच हजार मीटरहून खोल पाण्यात. छेदात बीएसआरसारखी रेघ होती. खोदून काढलेला गाळाचा लांब नळीसारखा नमुना वर आला की त्यातलं हायड्रेट विघटताना उष्णता ओढून घेतं, म्हणून इन्फ्रारेड कॅमेऱ्यात थंड पट्टे उमटतात. इथे हायड्रेटचा पत्ताच नव्हता, निघाला तो चुनखडीने भरलेला गाळ. त्या रेघेवर विसंबून कुणी साठा मोजला असता तर?

‘रेघ नाही तिथे काही नाही.’ हेही चूक. अमेरिकेजवळच्या ब्लेक रिजवर १९९५ साली बीएसआर नसलेल्या जागीही हायड्रेट सापडलं.

‘कृष्णा-गोदावरीत तर सिद्ध झालंय.’ हो, आंध्र किनाऱ्यालगतच्या त्या समुद्री खोऱ्यात सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर मिळाला, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते चिकणमातीतल्या भेगांत आहे. उभ्या भेगांत लहरींचा वेग दिशेनुसार बदलतो. हे हिशेबात धरलं नाही तर अंदाज फुगतो. शिवाय चिकणमातीतून वायू सहज वाहत नाही.

आणि तो मोठा आकडा? तो विहिरी खोदण्याआधीचा, समुद्रतळाखाली किती असू शकेल याचा अंदाज आहे. त्यातला किती बाहेर काढता येईल हे तो सांगत नाही. जपानने २०१३ साली समुद्रातल्या हायड्रेटमधून वायू काढला, पण सहाव्या दिवशी विहिरीत वाळू शिरली आणि काम थांबलं.

२०१५ साली चिक्यू जहाज कृष्णा-गोदावरीत आलं तेव्हा जागा निवडताना भर होता वाळूच्या थरांवर, कारण चिकणमातीपेक्षा त्यांतून वायू सहज वाहतो. नुसती रेघ पाहून ड्रिल उतरवलं नाही.